मुसळाच्या पुढची ओळ

बुद्धपौर्णिमा जवळ आली की एक वाद आपल्याकडे हमखास उकरून काढला जातो: बुद्ध स्त्रियांच्या बाजूचे होते की विरोधातले? काही काळापूर्वी याच विषयावरचा एक परिसंवाद ऐकण्याचा योग आला. पहिल्या वक्त्याने स्त्रियांना धर्मसंघाचे दार उघडणारा जगातला पहिला पुरुष म्हणून बुद्धांचा गौरव केला. दुसऱ्याने खिशातून कागद काढून आठ गुरुधर्म, म्हणजे भिक्षुणींना घातलेल्या आठ अटी, वाचले, आणि दीक्षा घेऊन शंभर वर्षे झालेल्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला उठून वंदन करावे, हा पहिला नियम सभागृहाला दोनदा ऐकवला. मग ते नियम बुद्धांचे की मागाहून घुसडलेले, यावर दोन तास गेले. त्या दोन तासांत बुद्धांची मावशी महाप्रजापती गौतमी हिच्याखेरीज एकाही भिक्षुणीचे नाव कोणाच्या तोंडून निघाले नाही, आणि गौतमी आली तीसुद्धा दाराबाहेर रडत उभी असलेली. चहाच्या वेळी मी थेरीगाथेचा, म्हणजे थेरींच्या, ज्येष्ठ भिक्षुणींच्या, पाली कवितासंग्रहाचा विषय काढला, तेव्हा एक वक्ते चटकन म्हणाले, ‘हो, ती उखळ-मुसळाची कविता ना!’

माझा आक्षेप या वादाच्या उत्तरावर नाही, प्रश्नावरच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शेकडो बायकांचे जगणे आपण एका पुरुषाच्या मनात काय होते, या खटल्यातले पुराव्याचे कागद म्हणून वापरतो. फिर्यादी पक्ष आणि बचाव पक्ष या दोघांनाही त्या बायकांशी कर्तव्य नसते. त्यांना निकाल हवा असतो. उलट, भिक्षुणींनी मिळालेल्या आयुष्याचे काय केले, त्या कशा राहिल्या, काय शिकवले, कोणत्या कामाला नकार दिला, हे विचारले तर पाली वाङ्मय भरभरून बोलते. बुद्धांबद्दलचा निर्णयही मग निराळा होईल कदाचित, पण तो मागाहून होईल.

आधी विरोधकांची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. विनयपिटक या संघाच्या नियमग्रंथातल्या चुल्लवग्गातली हकिकत अशी: गौतमीने कपिलवस्तूला प्रव्रज्येची, म्हणजे घर सोडून संघात येण्याची, परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. तिने केस कापले, काषाय वस्त्रे नेसली, शाक्य स्त्रियांना सोबत घेतले आणि ती पायी वैशालीला आली. सुजलेले पाय, अंगभर धूळ, डोळ्यांत पाणी. बुद्धांचा निकटचा शिष्य आनंद याने रदबदली केली, स्त्रीला अर्हतपद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळू शकते हे बुद्धांकडून वदवून घेतले, आणि मग आठ अटींवर परवानगी मिळाली. त्या पाठोपाठ भाकीत येते की स्त्रिया संघात आल्याने हजार वर्षे टिकणारा सद्धर्म पाचशेच वर्षे टिकेल, जसे साळीवर पांढरा रोग पडावा किंवा उसावर तांबेरा यावा. पुढे खुद्द गौतमी विनंती करते की वंदनाचा नियम बदलून जो ज्येष्ठ त्याला वंदन असा करावा. तीही फेटाळली जाते. बुद्धांच्या पश्चात राजगृहाच्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या सभेत, स्त्रियांना प्रवेश मिळवून दिला म्हणून आनंदालाच दोषी धरतात, आणि तो म्हणतो, यात मला दोष दिसत नाही, पण आपणा सर्वांवरच्या श्रद्धेपोटी मी तो कबूल करतो. हे सारे बौद्धांच्याच ग्रंथात आहे, कोणा विरोधकाने रचलेले नाही. ‘जगातला पहिला’ हा दावाही टिकत नाही, कारण निर्ग्रंथांच्या, म्हणजे जैनांच्या, संघात स्त्रिया होत्या. भद्दा कुंडलकेसा बौद्ध होण्यापूर्वी त्याच पंथात केस उपटून एकवस्त्रा हिंडत होती, हे तीच सांगते.

बचाव पक्षाचे नेहमीचे उत्तर आहे प्रक्षेपाचे, आणि ते पोकळ नाही. धर्मानंद कोसंबींनी दाखवून दिले आहे की विनयाचा नियम आधी काही घडल्याशिवाय केला जात नाही, आणि हे आठ मात्र काहीही घडण्यापूर्वीच ठरलेले आहेत. त्यात मी एवढीच भर घालेन की सहाव्या गुरुधर्मात दोन वर्षे उमेदवारी केलेल्या ‘शिक्षमाणे’चा उल्लेख येतो. पहिली भिक्षुणीच अजून व्हायची असताना ही उमेदवार कोठून आली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५१ साली ‘महाबोधि’मधल्या लेखात, हिंदू स्त्रीच्या अधोगतीचे खापर बुद्धांवर फोडणाऱ्या एका साप्ताहिकातल्या लेखाला उत्तर देताना, आनंदाच्या तोंडी घातलेले स्त्रियांविषयीचे संवाद मागाहूनचे ठरवले होते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. परिव्रज्येचा हक्क म्हणजे ज्ञानाचा हक्क, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. आजचे वक्ते त्यातला प्रक्षेपाचा भाग तेवढा उचलतात आणि कणा तिथेच ठेवतात. शिवाय, नियम मागाहून आला असे सिद्ध केले तरी त्या नियमाखाली वाकलेल्या पाठी सरळ होतात का? ज्या भिक्षुणीने आयुष्यभर कालच्या पोराला वाकून नमस्कार केला, तिला त्या नियमाच्या जन्मतारखेचा काय उपयोग?

असे वाद आपल्याला नवे नाहीत. १८८४ साली रखमाबाईंवर बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा चार वर्षे महाराष्ट्रातले विद्वान शास्त्रे, स्मृती आणि इंग्रजी कायदा यांवर तावातावाने भांडले. खुद्द रखमाबाई १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने वर्तमानपत्रात लिहीत होत्या, आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम झाला तेव्हा कैद पत्करीन म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदी साधे होते: मला हा माणूस नको. दोन्ही बाजूंच्या पंडितांना ते वाक्य फारच लहान वाटले असावे.

भिक्षुणींची अशी लहान वाक्ये सापडतात ती बऱ्याचदा नियमांच्या पुस्तकातच. पाली परंपरेत भिक्षूंना २२७ नियम आहेत, भिक्षुणींना ३११, आणि हा फरक नेहमी जाचाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. तो जाच आहेच. पण प्रत्येक नियमामागे एक गोष्ट असते आणि त्या गोष्टीत माणसे वावरतात. एकदा बुद्धांनी गौतमीला विचारले की भिक्षुणी अप्रमादाने, म्हणजे सावधपणे, उत्साहाने राहतात ना? ती उत्तरली, ‘भन्ते, भिक्षुणींना अप्रमाद कोठला?’ सहा जणांची एक टोळी होती, तिच्यातले भिक्षू त्यांच्याकडून मेंढ्यांची लोकर धुऊन, रंगवून, पिंजून घेत होते, आणि त्यात पठण मागे पडत होते, प्रश्नोत्तरे मागे पडत होती. तेव्हा नात्यात नसलेल्या भिक्षुणीकडून लोकर धुऊन घेणाऱ्या भिक्षूला दोष लागेल, असा नियम झाला. चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, धुऊन घेण्यावर तसा निराळा नियम आहे. घर सोडून आलेल्या बाईला पुन्हा कोणाचे तरी धुणे धुवायला बसवणे हा पुरुषांचा सहज स्वभाव होता, आणि त्यावर तक्रार करायला एक जागा होती, तिथे बाईने तक्रार केली आणि नियम भिक्षूंवर बसला. हे आठ गुरुधर्मांच्या कागदावर दिसत नाही.

काही गोष्टी तर हसू आणतात. एका भिक्षुणीने रात्रीचे भांडे विहाराच्या भिंतीपलीकडे उपडे केले, ते नेमके डोक्यावरून न्हाऊन राजाच्या कामावर निघालेल्या ब्राह्मणाच्या मस्तकावर पडले. तो विहार जाळायला निघाला. वाटेत कोणी शहाण्याने त्याला समजावले की हा शुभशकुन आहे, आणि गंमत म्हणजे त्याला खरोखरच नेमणूक मिळाली. नियम झाला की भिंतीपलीकडे काही फेकू नये. थुल्लनंदा नावाची बहुश्रुत, भांडखोर आणि लोकांना आवडणारी भिक्षुणी तर नियमांना इतकी कारणे पुरवते की तिच्याशिवाय विनयपिटक निम्मे नीरस झाले असते. दोन-तीन गड्डे लसूण देऊ केलेल्या शेतकऱ्याचे वावरच रिकामे केल्याचा तिच्या मंडळीवर आळ आहे. संत नसलेल्या, वसतीगृहातल्या बायकांसारख्या बायका इथे दिसतात, आणि त्या दिसणे मला गौरवगीतांपेक्षा मोलाचे वाटते.

आणि काही गोष्टी हसू पुसून टाकतात. अड्ढकासी ही काशीची गणिका. तिचे एका रात्रीचे मोल काशी जनपदाच्या उत्पन्नाएवढे होते, असे ती गाथेत सांगते. ती दीक्षेसाठी श्रावस्तीला निघाली, तेव्हा वाटेवर गुंड दबा धरून बसले. त्यावर दीक्षा दूतामार्फत देण्याची मुभा मिळाली, बाईने रस्त्यावर उतरायला नको. उप्पलवण्णा या भिक्षुणीवर तिच्या कुटीत बलात्कार झाला. निर्णय एका ओळीचा आहे: जिची संमती नव्हती तिला दोष नाही. हे वाक्य किती सोपे आहे हे कळायला आपल्या विदर्भातले १९७२ सालचे देसाईगंज पोलीस ठाण्याचे प्रकरण आठवावे. तिथल्या आदिवासी मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले होते, आणि कायदा बदलायला १९८३ उजाडले. अर्थात विनयाची दुसरी बाजूही लपवता येत नाही. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींवर अत्याचार झाले तेव्हा बंदी आली ती भिक्षुणींच्या अरण्यवासावर. ज्या एकांतात थेरींनी ध्यान साधले, तोच पुढच्या पिढ्यांना बंद झाला. गुन्हा पुरुषांचा आणि कुलूप बायकांच्या दाराला, हा न्याय आजही वसतीगृहांच्या फाटकांवर संध्याकाळी सातला दिसतो.

आता थेरीगाथा. ७३ रचना, ५२२ गाथा. सोमा थेरीला मार, म्हणजे साधनेत विघ्न आणणारा, डिवचतो की ऋषींनी गाठायचे स्थान ‘दोन बोटांच्या अकलेच्या’ बाईला मिळायचे नाही. अठ्ठकथाकार, म्हणजे जुने भाष्यकार, या शब्दाचा अर्थ असा सांगतात की मुली सात-आठ वर्षांच्या वयापासून भात रांधतात, तरी शीत दोन बोटांत चेपून पाहिल्याखेरीज तो शिजला की नाही हे त्यांना कळत नाही. मराठी वाचकाला यातली गंमत समजावून सांगायला नको. शितावरून भाताची परीक्षा ही आपल्याकडे शहाणपणाची म्हण आहे, आणि इथे तीच कृती अडाणीपणाची खूण ठरते, करणारी बाई आहे एवढ्याचसाठी. सोमा उलटून विचारते: ‘इत्थिभावो नो किं कयिरा, चित्तम्हि सुसमाहिते’, चित्त नीट स्थिर झाले असताना बाईपण आमचे काय बिघडवणार?

मुत्ता थेरीची ती प्रसिद्ध उखळ-मुसळाची गाथा मात्र बचाव पक्षानेच सर्वांत वाईट वाचली आहे. मी मोकळी झाले, छान मोकळी झाले, तीन वाकड्यांपासून: उखळापासून, मुसळापासून आणि माझ्या कुबड्या नवऱ्यापासून. इथे सभेत टाळ्या पडतात आणि वक्ता थांबतो. पण गाथा थांबत नाही. पुढची ओळ म्हणते, ‘मुत्ताम्हि जातिमरणा, भवनेत्ति समूहता’, जन्ममरणापासून मी सुटले, भवाकडे नेणारी दोरीच उपटली गेली. ही ओळ गाळली की मुत्ता आपल्या काळातली बंडखोर गृहिणी होते, आपल्याला हवी तशी. ठेवली की प्रश्न अवघड होतो, कारण तिच्या लेखी उखळाचे ओझे आणि पुनर्जन्माचे ओझे एकाच श्वासात मोजण्याजोगे आहे. जिने जन्मभर कांडण केले तिला मोक्ष काय असतो हे सांगताना मुसळच आठवावे, यात तत्त्वज्ञान कमी झाले की वाढले? सुमंगलाची आई अशीच निलाजऱ्या नवऱ्याची आणि कळकट मडक्याची आठवण काढून मग झाडाखाली ध्यानाला बसते.

याच्या उलट एक समज आहे आणि तो अधिक जुना आहे: दुःखाने खचलेल्या बायका संघात गेल्या, भिक्षुणीसंघ म्हणजे त्या काळचा अनाथाश्रम. पटाचारेची हकिकत सर्वांना ठाऊक असते. नवरा सापाने गेला, एक मूल ससाण्याने नेले, एक पुरात वाहिले, आईबाप घर कोसळून गेले, आणि ती वेडीपिशी विवस्त्र धावत सुटली. पण ही कथा मुख्यत्वे धम्मपालाच्या अठ्ठकथेतली, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांनंतरची. पटाचारेच्या नावावरच्या स्वतःच्या गाथांमध्ये यातले काहीच नाही. तिथे ती म्हणते की लोक शेत नांगरतात, बी पेरतात, धन मिळवतात, मग शील पाळणाऱ्या मलाच निब्बाण का लाभू नये? पाय धुताना तिने पाणी उंचावरून सखल भागाकडे ओघळताना पाहिले. मग दिवा घेऊन ती खोलीत गेली, अंथरूण पाहिले, मंचकावर बसली, सुई घेतली आणि वात खाली ओढली. दिवा विझला, तसे चित्त सुटले. पोरे गमावलेल्या आईची करुण कथा सांगायला परंपरेला आवडले. सुईने वात ओढणारी, पाण्याच्या ओघळाचा विचार करणारी, आणि मागाहून कितीतरी बायकांची गुरू झालेली पटाचारा कथेकऱ्यांच्या हाताला लागली नाही. चंदा नावाची निपुत्रिक विधवा सात वर्षे थंडी-उन्हात भीक मागत हिंडली, अन्नाच्या शोधात भिक्षुणींपाशी आली, आणि पटाचारेने तिला दीक्षा दिली. तेव्हा आसरा होता, हे मान्यच. पण आसरा देणारीही एक बाईच होती, आणि तिच्याकडे देण्यासारखे ज्ञान होते.

ही वाट सुखाची नव्हती, हेही त्याच गाथा सांगतात. सामा चार-पाच वेळा विहारातून बाहेर पडली, मनाला शांती नाही म्हणून. सीहा सात वर्षे झुरली, वाळली, आणि शेवटी दोर घेऊन फांदीखाली उभी राहिली. नुसत्या गौरवासाठी रचलेल्या ग्रंथात ही कबुली कशाला आली असती?

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. या गाथा बायकांनीच रचल्या कशावरून? पाठांतर भिक्षूंचे, संकलन भिक्षूंचे, भाष्य भिक्षूंचे. यातले बरेच मी मान्य करतो. इसिदासीची दीर्घ गाथा पाटलिपुत्र नगरात घडते, आणि बुद्धांच्या हयातीत तिथे पाटलिगाम नावाचे गाव होते. तेव्हा ती रचना पुढच्या पिढ्यांची, हे उघड आहे. प्रत्येक ओळीवर त्या त्या थेरीची मालकी सिद्ध होणार नाही. पण मग जनाबाईच्या नावावरचा प्रत्येक अभंग तिचाच आहे, असे तरी कोण शपथेवर सांगेल? तरीही जनाबाई नव्हतीच असे आपण म्हणत नाही, कारण दळणकांडणाचा तो आवाज दुसऱ्या कोणाला सहजी काढता येत नाही. पुण्णा थेरी घागरी भरणारी दासी होती. मालकिणींच्या काठीच्या आणि शिव्यांच्या धाकाने मी कडाक्याच्या थंडीतही पाण्यात उतरत असे, ती म्हणते, पण ब्राह्मणा, तू कोणाच्या धाकाने कुडकुडतोस? पाण्याने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळ्याच स्वर्गाला जातील. आणि ही नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल की! तीर्थस्नानाची अशी खिल्ली आपल्या संतांनीही उडवली, पण पुण्णेच्या युक्तिवादाचे बळ घागरीत आहे. ज्याला पाण्यात उतरावेच लागते त्याला पाण्याचे पावित्र्य पटवणे कठीण असते.

शिवाय एक पुरावा असा आहे, ज्यावर भाष्यकाराचा हात फिरलेला नाही. सांचीच्या दानलेखांत भिक्षू आणि भिक्षुणी जवळजवळ सारख्याच संख्येने दाते आहेत. आपल्या सह्याद्रीतही त्या आहेत. कार्ल्याच्या लेखात भिक्षुणी कोडी दान देते आणि स्वतःची ओळख ‘घुणिकाची आई’ अशी करून देते. सर्वसंगपरित्यागाच्या आपल्या कल्पनेला हे थोडे अडचणीचेच आहे. अपत्याचे नाव सुटलेले नाही, आणि दान द्यायला हाताशी काहीतरी आहे.

ही सारी चर्चा पुस्तकी नाही. श्रीलंकेसारख्या थेरवाद देशांतली भिक्षुणी परंपरा मध्ययुगात खंडित झाली. दीक्षेला भिक्षुणीसंघही लागतो, तो आता उरला नाही, म्हणून नवी भिक्षुणी होऊ शकत नाही, असा युक्तिवाद आजही होतो. त्याचा आधार तोच सहावा गुरुधर्म. १९९६ साली सारनाथला श्रीलंकेतल्या स्त्रियांना दीक्षा दिली गेली, तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक महाथेरांनी ती अवैध ठरवली. ज्या चुल्लवग्गावर ते बोट ठेवतात, त्यातल्या त्याच खंधकात, म्हणजे प्रकरणात, भिक्षूंनी भिक्षुणींना उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, द्यावी, अशी अनुज्ञाही आहे. ती गुरुधर्मांच्या लगेच पुढे येते. पुढची ओळ न वाचण्याची सवय सभेतल्या वक्त्यांपुरती नाही तर.

रायगड जिल्ह्यात कुड्याची लेणी आहेत. तिथे पदुमनिका नावाच्या एका प्रव्रजितेचा लेख आहे. ती एका प्रव्रजितेचीच मुलगी, नागनिकेची. दोन थेर तिच्या आईचे भाऊ लागतात. दानात तिच्या शिष्यांची नावेही सोबत आहेत: बोधी आणि असाळ्हमिता. दिले काय, तर एक लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. आई, मुलगी, शिष्या अशा तीन पिढ्या त्या दोन-चार ओळींत बसल्या आहेत, आणि तिथे कोणीही कोणाच्या दाराशी उभे नाही.